व्हर्नीटाच्या उशाशी

“हा रंग कुणाला विचारून अंगावर घातलास?” मिस थिओडोशिया क्रम्बली यांनी दारातच विचारलं.

ऑर्लीन गॅस्किन्सने मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. पहाटेपासून अंगात असलेला डायलिसिस सेंटरचा सदरा आणि पायजमा. गर्द वांगी रंगाचा. गेल्या वर्षी सेंटरच्या वरिष्ठांनी ठरवलं की नर्सना निळा आणि टेक्निशियनना वांगी, म्हणजे पेशंटना कळेल कोण कोण आहे. पेशंटना ते अजूनही कळलेलं नव्हतं. ऑर्लीन मात्र तेच कपडे घालून, धुऊन, परत घालून इतकी सरावली होती की त्यांना काही रंग आहे हेच विसरून गेली होती. आणि नेमका तोच रंग या सोरॉरिटीचा, म्हणजे शिकलेल्या काळ्या बायकांच्या या भगिनीमंडळाचा. वांगी आणि सायीचा. आत घेतल्याशिवाय बाईने तो रंग अंगाला लावायचा नाही, रुमालाच्या कडेपुरताही नाही, हे टॅरिटन गावात शाळकरी पोरींनाही ठाऊक होतं.

“कामावरून तशीच आले, मॅडम. एका पेशंटचं रक्त थांबेना. काळा सूट गाडीत टांगलाय. पण तुम्ही दोनच्या ठोक्याला दार लावता, म्हणून कपडे बदलायला थांबले नाही.”

“दार लक्षात राहिलं. रंग नाही राहिला?”

मिस थिओडोशियांच्या मागे, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पंधरावीस जणी काळे सूट घालून, हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. बहुतेक तिच्या लेकीच्या वयाच्या. सगळ्यांनी एकदम माना वळवून पाहिलं आणि शिष्टाचार आठवून एकदम माना परत फिरवल्या.

मिस थिओडोशिया एक्याऐंशी वर्षांच्या. चार पायांचा वॉकर पुढे ढकलत चालायच्या, पण गावातल्या निम्म्या लोकांना त्या अजून शाळेच्या मुख्याध्यापिकाच वाटायच्या. त्यांच्या ऑफिसबाहेर जो तो कधी ना कधी उभा राहिलेला. ऑर्लीनही सातवीत राहिली होती, वर्गात हसल्याबद्दल. शेजारी तिची मैत्रीण व्हर्नीटा उभी होती आणि ती तिथेही हसत होती.

शेवटी कॅसँड्रा व्हिटलो मध्ये पडली. ही बाई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, चाळिशीची, आणि यंदाच्या नव्या भरतीची सगळी जबाबदारी तिच्या डोक्यावर. तिने कपाटातून भजनमंडळाचा एक काळा झगा ओढून काढला. झगा कुणा धिप्पाड पुरुषाचा होता. बाह्यांतून ऑर्लीनची बोटंसुद्धा बाहेर येईनात.

“हा घाला आणि शेवटच्या रांगेत बसा,” कॅसँड्रा हळूच म्हणाली. “आणि मिसेस गॅस्किन्स, कितीही उकडलं तरी काढू नका बरं का.”

दोन तास ऑर्लीन त्या झग्यात शिजत बसली. पुढे कॅसँड्रा सांगत होती की सोरॉरिटी म्हणजे मिरवायची गोष्ट नाही, सेवा आहे, जन्माची बांधिलकी आहे. काळ्या बायकांना कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा आपल्याच शिकलेल्या बायकांनी एकमेकींचा हात धरून हे उभं केलं. कॉलेजात असताना जमलं नाही त्यांच्यासाठी ही पदवीधरांची शाखा. ऑर्लीनला हे सगळं पाठ होतं. चाळीस वर्षं ती ते बाहेरून ऐकत आली होती.

---

“झगा?” व्हर्नीटा पूल हसून हसून खोकायला लागली. “चर्चमधल्या डीकन हॅम्बीचा असणार. त्याच्या बाहीत तुझ्यासारख्या दोघी मावतील.”

“हलू नकोस. सुई निसटेल.”

“थिओडोशिया काय म्हणाली? नाक असं केलं असेल ना तिने?”

“असंच. अगं, हलू नकोस म्हटलं ना.”

सोमवार, बुधवार, शुक्रवार. खिडकीजवळची खुर्ची व्हर्नीटाची. गेली पाच वर्षं तिचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून फिरून परत यायचं, आणि तिच्या दंडात सुया घालायच्या त्या ऑर्लीननेच, असा तिचा हट्ट होता. दुसरी कुणी पुढे आली की ही दंड पोटाशी घ्यायची. तिने शाळेत संगीत शिकवलं, लग्न केलं, मोडलं, एक मुलगा वाढवून टेक्ससला पाठवला, आणि या सगळ्यांतून तिला एकच मैत्रीण पुरली.

दोघी एकाच वर्षी कॉलेजात गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी ऑर्लीनच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि ऑर्लीन घरी परतली ती परतलीच. त्याच वसंतात व्हर्नीटा सोरॉरिटीत गेली. तिचा पांढरा पोशाख ऑर्लीनने इस्त्री केला होता. व्हर्नीटा सगळ्या सोररांबरोबर (त्या एकमेकींना सोरर म्हणतात) रांगेत उभी राहून गात होती आणि ऑर्लीन हिरवळीपलीकडे इस्त्रीच्या वासाच्या हातांनी टाळ्या वाजवत होती. हेवा वाटला नाही असं ती कधी म्हणाली नाही. मग संसार, लेक, सासूची दुखणी, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गांना बसून मिळवलेली पदवी. पदवी मिळाली तोवर टॅरिटनच्या शाखेने नव्या बायका घेणंच बंद केलं होतं. काही म्हाताऱ्या झाल्या, काही अटलांटाला गेल्या, काही रुसल्या. यंदा पहिल्यांदा दार उघडलं होतं.

पण खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी एका सोररच्या अंत्ययात्रेला दोघी गेल्या होत्या. शवपेटीभोवती पांढऱ्या पोशाखातल्या बायकांनी हातात हात घालून वर्तुळ केलं. बाकी सगळे बाकांवर. गेलेल्या बाईची सख्खी बहीणसुद्धा बाकावर. गाणं संपेपर्यंत ते हात सुटत नाहीत आणि त्या वर्तुळात दुसऱ्या कुणाला जागा नसते. घरी येताना गाडीत व्हर्नीटा म्हणाली होती, “माझ्या वेळी तू माझ्या उशाशी पाहिजेस हं. या बायांपैकी कुणाला मी खरी कशी आहे ते माहीत नाही. तुला माहीत आहे.” ऑर्लीनने हो म्हटलं होतं. व्हर्नीटाला तिने आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं.

“घेतील का गं मला?” आता तिने यंत्राचा आकडा बघत विचारलं.

“घेतील. खुर्च्या उचलणारी कुणीतरी लागते त्यांना.” व्हर्नीटाने मोकळ्या हाताने ब्लँकेट वर ओढलं. मग म्हणाली, “ऑर्ली, पण लवकर घ्यायला सांग.”

“म्हणजे?”

“मी डॉक्टरशी बोलले. मला हे बंद करायचंय.”

ऑर्लीनला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. मशीन सोडलं की माणूस आठवडा काढतं, फार तर दोन. तिच्या हातून असे कितीतरी गेले होते. कुणी सांगून, कुणी न सांगता खुर्ची रिकामी ठेवून. प्रत्येक वेळी ती म्हणायची, तुमचा निर्णय आहे, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. ते वाक्य तिला सेंटरने शिकवलं होतं. या वेळी ते तोंडातून निघेना.

“कधी?”

“जानेवारी संपू दे म्हटलं. मी थकले गं. इथून घरी जाते ती झोपते. उठते ती परत इथे यायला. मधे जे उरतं त्याला मी काय नाव देऊ?”

“एप्रिलपर्यंत थांब ना,” ऑर्लीन म्हणाली.

म्हणताक्षणी तिची तिलाच लाज वाटली, पण शब्द सुटला होता. नव्या बायकांचा समारंभ एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, हे कॅसँड्राने हॉलमध्ये सांगितलं होतं. त्याआधी कुणी सोरर होत नाही.

व्हर्नीटाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “म्हणजे तुला माझ्या उशाशी उभं राहता यावं म्हणून मी आठवड्यातून तीनदा भोसकून घेऊ?”

“तूच मागितलं होतंस.”

“मागितलं होतं खरं. माझी जीभ झडो.” आणि मग ती परत हसली. “बरं. ओढते एप्रिलपर्यंत. पण मला त्या दिवशी कोबीची भाजी आणि तळलेला मासा पाहिजे. मिठासकट. सेंटरवाल्यांना सांगायचं नाही.”

---

मुलाखतीला ऑर्लीन काळ्या सुटात गेली आणि वेळेआधी अर्धा तास जाऊन गाडीत बसून राहिली. टेबलापलीकडे तिघी. मध्ये मिस थिओडोशिया.

“या वयात का?” त्यांनी विचारलं.

ऑर्लीनने घरी उत्तर तयार केलं होतं. सेवा, समाज, पुढची पिढी. नवरा क्लीओफसने ते तिच्याकडून स्वयंपाकघरात तीनदा म्हणून घेतलं होतं आणि म्हणाला होता, “झकास. मी तुला मतसुद्धा देईन.” पण समोर त्या डोळ्यांकडे बघून ते उत्तर तिला आठवेना.

“व्हर्नीटा पूलसाठी,” ती म्हणाली. “ती फार दिवसांची नाही. तिच्या वेळी मला वर्तुळात उभं राहायचंय.”

कॅसँड्राने हातातलं पेन खाली ठेवलं. तिसरी बाई खिडकीबाहेर बघायला लागली.

“ही काही मयताची भिशी नाही,” मिस थिओडोशिया म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“आणि ती गेल्यावर? एकदा उभी राहिलीस की तुझं काम झालं. मग आम्ही पुढच्या वर्षी तुला शोधत फिरायचं? अशा पुष्कळ पाहिल्यात मी. सभासदत्वाची पिन मिळेपर्यंत रोज दारात, पिन मिळाली की फोन उचलत नाहीत.”

“तसं होईल की नाही मला सांगता येणार नाही,” ऑर्लीन म्हणाली. “ती नसेल तेव्हा मी कशी असेन, हे मलाच माहीत नाही. पण मी जिथे जाते तिथे टिकते, मॅडम. नवरा तोच आहे. नोकरी तीच आहे. मैत्रीण तीच आहे.”

मिस थिओडोशियांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तुझ्यात काही बदल नाही. सातवीतही तू खरं बोलून मार खायचीस आणि ती पूल खोटं बोलून सुटायची.”

मतदान बंद दाराआड झालं. कुणी काय मत दिलं ते बाहेर येत नाही. आठवडाभराने कॅसँड्राचा फोन आला. ऑर्लीन दुकानात भेंडी निवडत होती. ती तिथेच, भेंडीच्या ढिगाशी, पिशवी छातीशी धरून उभी राहिली. घेतलं होतं. तिला आणि आणखी सहा जणींना. अजून सोरर नाही, उमेदवार. दर गुरुवारी वर्ग. काळे कपडे, बंद ओठ, वेळेवर.

“तारीख जरा अलीकडे घेता येईल का?” तिने विचारलं.

“मिसेस गॅस्किन्स, मी तुम्हाला हवं तर किडनी देईन,” कॅसँड्रा दमलेल्या आवाजात म्हणाली. “तारीख नाही देऊ शकत. प्रदेशाध्यक्षा आल्याशिवाय समारंभ होत नाही. त्यांना एप्रिलचा तोच एक शनिवार मोकळा आहे. मी दोनदा विचारून पाहिलंय.”

दोनदा विचारलं होतं म्हणजे ऑर्लीनने मागायच्या आधीच विचारलं होतं. हे ऑर्लीनच्या घरी गेल्यावर लक्षात आलं आणि तिला त्या बाईबद्दल माया वाटली.

---

फेब्रुवारीत व्हर्नीटाची विनोदाची सवय सुटली. तसं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती आल्या आल्या डोळे मिटायची आणि लोकांना वाटायचं झोपली. ऑर्लीनच्या लक्षात आलं. रक्तदाब मध्येच कोसळायचा. पोटऱ्यांत गोळे यायचे तेव्हा पूर्वी ती शिव्या द्यायची. आता नुसती खुर्चीचा हात धरायची. दंडातली शीर बुजत चालली म्हणून मानेतून नळी घातली. ऑर्लीन तिचे पाय चोळायची, ब्लँकेट गरम करून आणायची आणि मनात आठवडे मोजायची. स्वतःच्या मैत्रिणीच्या हालांचे आठवडे आपण कशासाठी मोजतोय, हा विचार आला की ती उगाच दुसऱ्या पेशंटकडे जायची.

गुरुवारी ती वर्गाला जायची. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे. संस्थापक बायकांची नावं, वर्षं, सेवेची तत्त्वं. बरोबरच्या पोरी भराभर म्हणून दाखवायच्या. तिची एका नावाशी दर वेळी गाडी अडायची. एकदा मिस थिओडोशियांनी तिला उभं करून परत परत म्हणायला लावलं आणि पोरी खाली माना घालून हसल्या. घरी आल्यावर क्लीओफसने तिच्यासमोर गरम पाण्याचं घमेलं ठेवलं.

“साठीला आलेल्या बायकोला शाळेत घालून मी काय मिळवलं?” तो म्हणाला.

“गप बस आणि मीठ टाक त्यात.”

“व्हर्नीटा कशी आहे?”

ऑर्लीनने पाय पाण्यात घातले. “माझ्यासाठी येतेय ती,” ती म्हणाली. “स्वतःसाठी असती तर केव्हाच थांबली असती. आणि मी तिला येऊ देतेय.”

क्लीओफस खाली बसला आणि तिचे पाय चोळायला लागला.

मार्चच्या एका शुक्रवारी व्हर्नीटाला मशीनवर असताना उलटी झाली. ऑर्लीनने तिचं तोंड पुसलं, मान धरली. व्हर्नीटाने डोळे उघडले आणि विचारलं, “किती राहिले?”

तास किती राहिले म्हणत होती की आठवडे, ते ऑर्लीनने विचारलं नाही.

“सोमवारी येऊ नकोस,” ती म्हणाली.

“काय?”

“येऊ नकोस सोमवारी. घरी राहा. मी येते तिकडे. मासा तळून आणते, मिठासकट.”

व्हर्नीटा तिच्याकडे बघत राहिली. कानशिलावरून घाम ओघळत होता. “आणि तुझा एप्रिल?”

“एप्रिल येईल. मी जाईन. पांढरं घालीन. तू नसशील.”

“मग उशाशी कोण?”

“असेल कुणीतरी. तुला कुठे दिसणार आहे.”

व्हर्नीटाच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. कितीतरी दिवसांनी. “अगं, तू मला सुटी द्यावीस म्हणून वाट बघत होते,” ती म्हणाली. “आपणहून देशील असं वाटलं नव्हतं.” आणि मग ती रडायला लागली, आणि ऑर्लीनही. पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने टीव्हीचा आवाज मोठा केला, म्हणजे त्यांना कुणी ऐकू नये.

पुढचे दिवस चांगले गेले, असं ऑर्लीन नंतर सगळ्यांना सांगायची, आणि ते खरं होतं. तिने रजा घेतली. व्हर्नीटाने दोन घास मासा खाल्ला, एक घास भाजी, आणि बाकी नुसता वास घेतला. मुलगा टेक्ससहून आला. तिसऱ्या दिवसापासून ती जास्त झोपायला लागली. एका दुपारी झोपेतच गेली, रेडिओ चालू होता.

---

अंत्यविधीच्या सकाळी ऑर्लीन एकटी मयतघरात गेली आणि तिने व्हर्नीटाचे केस केले. ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. तेल लावलं, केस सरळ व्हावेत म्हणून कंगवा तापवला, मध्ये भांग पाडला, मागे अंबाडा. व्हर्नीटाला वांगी आणि सायीचा पोशाख घातला होता, छातीवर पिन. ऑर्लीनने त्या कापडाला बोट लावलं नाही. तिथे बघणारं कुणीच नव्हतं, तरी नाही लावलं.

माउंट नेबो चर्चमध्ये ती क्लीओफसशेजारी तिसऱ्या बाकावर बसली, काळ्या कपड्यांत. पांढऱ्या पोशाखातल्या सोरर मागच्या दाराशी रांग लावत होत्या. कॅसँड्रा घाईघाईने बाकापाशी आली, खाली वाकली.

“मिसेस गॅस्किन्स, मला फार वाईट वाटतंय. पण विचारायला दुसरं कुणी नाही. वर्तुळात हातात काही चालत नाही. आमच्या पर्सा जरा सांभाळाल?”

आणि उत्तराची वाट न बघता तिने आपली पर्स ऑर्लीनच्या मांडीवर ठेवली. मग दुसरीने. मग तिसरीने. मऊ, जड, पेपरमिंटच्या आणि पावडरीच्या वासाच्या पर्सा. ऑर्लीनने त्या एकावर एक रचल्या आणि वरून हात ठेवला.

“तू काय हमाल आहेस?” क्लीओफस दात आवळून म्हणाला.

“उमेदवार आहे,” ऑर्लीन म्हणाली.

गेले चार महिने तिने हा दिवस मनात वेगवेगळ्या तऱ्हांनी पाहिला होता. पर्सा त्यात कधीच नव्हत्या.

सोरर पेटीभोवती आल्या. शाखेच्या यादीवर डझनभर नावं होती, पण चालती फिरती माणसं सातच. एवढ्यांनी वर्तुळ मोठं होत नाही. सगळ्यांनी हात लांबवले तेव्हा कसंबसं जुळलं. मिस थिओडोशिया उशाशी, कारण त्या सगळ्यांत ज्येष्ठ. कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

“न्या ती,” त्या म्हणाल्या. आवाज बेताचा होता, पण चर्चभर गेला. “सोरर गेली की आम्ही उभ्या राहतो.”

त्यांनी वॉकर सोडला. एक हात कॅसँड्राने धरला, दुसरा पलीकडच्या सोररने. ही दुसरीही काही तरणी नव्हती. ऑर्लीनला तिसऱ्या बाकावरून मिस थिओडोशियांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलत होती. आधी थोडी, मग जास्त. उजवा गुडघा आत वळायला लागला होता. दिवसभर अशक्त माणसांना खुर्चीतून उठवणाऱ्या बाईला पुढे काय होणार ते दिसतं. गाणं सुरू व्हायचं होतं. हात सोडले तर विधी मोडतो. नाही सोडले तर ही म्हातारी पेटीवर पडणार.

मिस थिओडोशियांनी मान वळवली. वॉकरकडे नाही पाहिलं. बाकांवरून नजर फिरवली आणि ऑर्लीनवर थांबवली.

“गॅस्किन्स,” त्या म्हणाल्या. “इकडे ये. मागून धर मला.”

ऑर्लीनने पर्सांचा ढीग उचलून क्लीओफसच्या मांडीवर ठेवला आणि पुढे गेली. मिस थिओडोशियांच्या मागे उभी राहिली, कमरेला दोन्ही हातांचा विळखा घातला, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्यामागे टेकवला. पांढऱ्या कापडाखाली बाई मुठीएवढी होती. तिचं सगळं वजन ऑर्लीनच्या अंगावर आलं.

“सोडू नकोस,” मिस थिओडोशिया पुटपुटल्या.

“नाही, मॅडम.”

आणि बायका गायला लागल्या.

ते गाणं उमेदवारांना शिकवत नाहीत. ते एप्रिलनंतर. ऑर्लीनला त्यातला एक शब्द येत नव्हता. ती ओठ मिटून उभी राहिली. मिस थिओडोशियांच्या खांद्यावरून तिला व्हर्नीटाचं कपाळ दिसत होतं, आणि सकाळी स्वतः पाडलेला भांग. ती बरोबर उशाशी होती, सांगितलं होतं तिथेच. फक्त साखळीतले हात तिच्या दोन्ही बाजूंनी पुढून गेले होते, आणि त्यांतला एकही तिच्यापर्यंत येत नव्हता. शाळेपासूनची मैत्रीण हातभर अंतरावर निजली होती आणि तिच्यासाठी चाललेलं गाणं ऑर्लीनला फक्त ऐकता येत होतं. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण रडलं की अंग सैल पडतं, आणि अंगावर म्हातारी होती. म्हणून ती रडली नाही. कडव्यामागून कडवं होईपर्यंत ती धरून राहिली, आणि मिस थिओडोशिया थरथरत, पण शेवटच्या ओळीपर्यंत खड्या आवाजात गायल्या.

हात सुटले. कॅसँड्राने वॉकर पुढे आणला. मिस थिओडोशियांनी तो पकडला, श्वास घेतला आणि मागे न वळता विचारलं, “केस कुणी केले हिचे?”

“मी.”

“मला वाटलंच.” त्यांनी वॉकर वळवला. डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. “आता जा जागेवर. उमेदवारांनी इथे यायचं नसतं. आणि गुरुवारी ती नावं नीट पाठ करून ये.”

“हो, मॅडम.”

ऑर्लीन परत बाकापाशी आली. क्लीओफस सातही पर्सा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून बसला होता, कुणी हिसकावून घेईल म्हणून की काय, आणि गाल पुसायला हात मोकळा नसल्यामुळे त्याचा चेहरा भिजून गेला होता. ती शेजारी बसली. त्याच्या हातातल्या निम्म्या पर्सा तिने आपल्या मांडीवर घेतल्या.